'मूल रुळलं' या शब्दामागचा इतिहास

दिवाळी सरली की सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू होतात आणि गावोगावची जोडपी कोयता घेऊन घर सोडतात. धाकटं मूल बऱ्याचदा आजीपाशी राहतं. पहिले काही दिवस ते दारात बसून रडतं, जेवत नाही, रात्री दचकून उठतं. मग एक दिवस गप्प होतं. शेजारीण म्हणते, "रुळलं बघा पोरगं." मानसशास्त्रात ज्याला अटॅचमेंट म्हणतात आणि आपण ज्याला लळा म्हणतो, त्याच्या अभ्यासाला या 'रुळलं'वर शंका घेतल्यामुळेच खरी धार आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या रुग्णालयांत दाखल झालेल्या मुलांना आईवडिलांनी भेटण्यावर कडक बंधनं होती. आई येऊन गेली की मूल जास्त रडतं, मग कशाला यायचं, असा विचार. जेम्स रॉबर्टसन हे समाजसेवक या मुलांजवळ तासन्‌तास बसून पाहत असत. मूल आधी आकांत करतं, मग हताश होऊन पडून राहतं आणि शेवटी हसायला, खेळायला लागतं. पण आई समोर आली की तोंड फिरवतं. या शेवटच्या टप्प्यालाच परिचारिका 'रुळलं' म्हणत होत्या. डॉक्टरांना हे पटेना, म्हणून रॉबर्टसन यांनी १९५२ साली आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रीकरण करून दाखवलं. १९५९ साली ब्रिटनमध्ये सरकारी समितीच्या प्लॅट अहवालाने आईवडिलांना मुलाजवळ येऊ द्या, अशी शिफारस केली. रॉबर्टसन यांचे सहकारी, मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेसाठी बेघर मुलांवर अहवाल लिहिला होता.

पुढे मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडात आणि मग अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये आई आणि बाळांचं निरीक्षण केलं. आई थोडा वेळ खोलीबाहेर गेली तर मूल किती रडतं, यापेक्षा ती परत आल्यावर ते काय करतं, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं. काही मुलं आईकडे बघतही नाहीत, खेळण्यातच गुंग दिसतात. १९७७ मध्ये अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले, तेव्हा वरून शांत दिसणाऱ्या मुलांचीही धडधड वाढलेली निघाली. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

सोलापूरला हा विषय परका नाही. पंढरपुरात १८७५ साली प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी टाकून दिलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला, आणि त्यामुळे कितीतरी बाळांचे जीव वाचले. त्या काळी जीव जगवणं हीच लढाई होती. सोलापूर शहरातल्या सेटलमेंटचा इतिहास मात्र जखमेसारखा आहे. काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणाऱ्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली या वसाहतीत, तारेच्या कुंपणात कुटुंबं डांबली गेली. १९११ च्या कायद्याने तर सहा वर्षांवरच्या मुलांना आईबापांपासून तोडून शाळेत ठेवण्याचा अधिकारच सरकारला दिला होता. हा कायदा देशभरातून १९५२ मध्ये गेला. तोपर्यंत ज्यांची बालपणं गेली, त्यांच्या लळ्याची नोंद कोणत्याही वहीत नाही.

बिडी कामगार बायकांचं वेगळं. १९६६ च्या कायद्याने कारखान्यात पाळणाघराची सोय सांगितली, पण काम घरोघर वाटलं जात असल्याने मूल सुपाशेजारीच वाढलं. आई दिवसभर जवळ, पण हात पानातंबाखूत आणि डोळे हजार बिड्यांच्या हिशोबात. तरीही अशा घरांत आजी, मावशी, थोरली बहीण यांच्या अंगाखांद्यावर मुलं छान वाढलेली मी पाहिली आहेत. लळा एकट्या आईचाच हवा असं नाही. बोल्बींनी सुरुवातीला आईवर फार भार टाकला होता आणि बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी १९७२ मध्ये त्याची फेरतपासणी केली. कामाला जाणाऱ्या आईला या विषयाच्या नावाने बोल लावणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

मग काळजी कधी करायची? एका अंगणवाडीत माझ्यासमोर तीन वर्षांची मुलगी पायरीवरून पडली. गुडघ्यातून रक्त आलं. तिने कोणाकडे पाहिलं नाही, फ्रॉकच्या टोकाने रक्त पुसलं आणि पुन्हा खेळायला लागली. शेजारचा मुलगा नुसता ठेचकाळला आणि भोकाड पसरून बाईंच्या पदराला जाऊन बिलगला. मला धास्ती वाटली ती मुलीची. दुखलं, घाबरलं तरी मूल सतत कोणाकडेच जात नसेल, किंवा अनोळखी माणसाच्या मांडीवर बिनदिक्कत बसून त्याच्याबरोबर चालू लागत असेल, तर लक्ष द्यावं. या दोन तऱ्हांना २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकी वर्गीकरणात वेगवेगळे विकार मानतात. मात्र ते निदान फार थोड्या मुलांना लागू पडतं, आणि त्यासाठी आधी मोठी आबाळ झालेली असावी लागते. एका प्रसंगावरून शिक्का मारू नये. ऐकू येण्यातला दोष आणि स्वमग्नताही (ऑटिझम) तपासून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, तेव्हा हे बोलून दाखवावं.

उपाय काय, याचं उत्तर रुमानियातून आलं. तिथल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास २००० च्या सुमारास सुरू झाला आणि त्यांतल्या निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकून पालक कुटुंबांत दिलं गेलं. दोन वर्षांच्या आत ज्यांना घर मिळालं, त्यांचा लळा जास्त चांगला जुळला. मुलाला बळजबरीने धरून ठेवण्याच्या 'उपचारा'त मात्र अमेरिकेत २००० साली एका दहा वर्षांच्या मुलीचा जीव गेला. त्या वाटेला कोणीही जाऊ नये.

घरी करायचं ते साधं आहे. नजर चुकवून निघू नये. "मी जातेय, अमक्या सणाला येईन" असं सांगून, रडू देऊन निघावं. ठरलेल्या वेळी फोन करावा. सांभाळणारं माणूस वारंवार बदलू नये. आणि हंगाम संपून आई परत आली, की मूल आजीच्या मागे लपेल, कदाचित मारेल. तेव्हा "आईला विसरलास का रे?" असं विचारू नये. आईने उंबऱ्यावरच बसावं, आणलेला खाऊ बाजूला ठेवावा, हात पुढे करून ओढू नये. दोन दिवसांनी ते स्वतःहून पदर धरतं आणि मग जोरात रडतं. ते रडू देणं हाच उपाय असतो.