सरळ रस्त्यावर गाडी आडवी का होते?

इंटरनेटवर एका ठरावीक प्रकारच्या व्हिडिओंना तोटा नाही. चारशे-पाचशे अश्वशक्तीची, मागच्या चाकांना ताकद देणारी देखणी गाडी मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर उभी असते. बघ्यांचे मोबाइल सज्ज. चालक ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतो, इंजिन गरजतं, आणि तीन-चार सेकंदांत गाडी गर्रकन फिरून दुभाजकावर. प्रतिक्रियाही ठरलेल्या: 'ताकद झेपली नाही', 'एकाच चाकाला जास्त जोर गेला', 'स्टिअरिंग हललं असणार'. पण रस्ता सरळ, स्टिअरिंग सरळ, इंजिनाचा जोरही पुढच्याच दिशेला. मग गाडीला बाजूला ढकललं कोणी?

खरं तर बाजूला ढकलणारे किरकोळ जोर नेहमीच हजर असतात. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता ठेवतात. हा उतार २ टक्के धरला, तरी १६०० किलोच्या गाडीला तो कडेकडे ३२ किलो वजनाइतक्या जोराने ओढत असतो. शिवाय एखादं चाक वाळूवरून जातं, एखादं उंचवट्यावरून. एरवी हे आपल्या गावीही नसतं, कारण टायर ते मुकाट्याने परतवून लावतात. तेव्हा खरा प्रश्न असा, की मागच्या टायरांनी ऐन वेळी हे काम का सोडलं?

घर्षण नेहमी घसरण्याच्या उलट दिशेने काम करतं, हे आपण शाळेत शिकलो. सगळी गंमत या एका वाक्यात आहे. गाडीचं टायर रस्त्याला साधारण तळहाताएवढ्या जागेत टेकलेलं असतं, आणि चाक नीट गडगडत असेल तेव्हा तेवढं रबर त्या क्षणापुरतं रस्त्यावर जवळपास स्थिर असतं. जोर लावला की रबर ताणलं जातं, थोडं सरकतं आणि गाडी पुढे रेटली जाते. चाकाच्या कडेचा वेग गाडीच्या वेगापेक्षा साधारण १० ते १५ टक्के जास्त होईपर्यंत पुढचा रेटा वाढतो. त्यापुढे चाक मोकाट सुटतं.

आता आकडे घेऊ. गाडी सेकंदाला २० मीटर वेगाने, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरने चालली आहे आणि मागच्या चाकांच्या कडेचा वेग आहे २६ मीटर. म्हणजे टेकलेलं रबर रस्त्यावरून मागे सेकंदाला ६ मीटर वेगाने घासतंय. याच वेळी रस्त्याच्या उतारामुळे गाडीचा मागचा भाग सेकंदाला १ मीटर वेगाने बाजूला सरकू लागला. घसरण एकूण कोणत्या दिशेला झाली? जवळजवळ पूर्ण मागे, किंचित बाजूला. घर्षण याच्या बरोबर उलट: जवळजवळ पूर्ण पुढे, किंचित आडवं. पायथागोरसने हिशेब केला तर आडव्या दिशेला घर्षणाचा जेमतेम १६ टक्के हिस्सा येतो. चाक मोकाट फिरत नसतं, तर याच सरकण्याला टायरने आपल्या आडव्या पकडीचा बराच मोठा भाग वापरून अडवलं असतं. 'पकड सुटली' असं आपण म्हणतो खरं, पण एकूण घर्षण थोडंसंच कमी झालेलं असतं. बदलते ती दिशा. टायर पूर्ण ताकदीने काम करतंय, फक्त जवळजवळ सगळी ताकद एकाच दिशेला लागली आहे.

आणि ही आडवी पकड मागच्याच चाकांची गेली, इथे गोष्ट बिघडते. बाणाला जशी शेपटाची पिसं, तशी गाडीला मागची चाकं. समजा काही कारणाने नाक जरासं डावीकडे वळलं, पण गाडी अजून सरळच चालली आहे. आता चारही चाकांची तोंडं प्रवासाच्या दिशेपेक्षा थोडी डावीकडे आहेत, त्यामुळे चारही टायर गाडीला डावीकडे ओढतात. पुढच्या टायरांची ओढ नाकाला आणखी डावीकडे नेते. मागच्यांची ओढ शेपटाला डावीकडे नेते, म्हणजे नाक परत उजवीकडे. रोजच्या गाडीत ही रस्सीखेच मागची चाकं जिंकतात, म्हणून गाडी आपोआप सरळ राहते. ती मोकाट सुटली की पुढच्यांना प्रतिस्पर्धीच उरत नाही. चूक स्वतःच स्वतःला वाढवत नेते.

पटत नसेल तर खेळण्यातली गाडी घ्या. मागची चाकं कागदाची घडी खुपसून जाम करा आणि तिरक्या फळीवरून सरळ सोडा. थोडं अंतर जाताच ती अर्धा फेरा घेते आणि उरलेला उतार पाठमोरी उतरते. पुढची चाकं जाम करून सोडली तर मुकाट सरळ घसरत जाते. जाम चाक आणि मोकाट फिरणारं चाक, रस्त्याच्या दृष्टीने सारखीच: दोघांचंही घर्षण लांबीच्या दिशेत खर्ची पडलेलं.

याला ताकद किती लागते? आपली १६०० किलोची गाडी, वजन पुढे-मागे निम्मं, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २.७ मीटर, गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, घर्षणांक १. वेग घेताना वजन मागे सरकतं. हिशेब केला तर मागच्या चाकांवर ८०० ऐवजी सुमारे ९८० किलो येतात. म्हणजे ती जास्तीत जास्त ९६०० न्यूटन रेटा देऊ शकतात. ४०० अश्वशक्तीतले १५ टक्के वाटेत गेले तर उरतात २५३ किलोवॉट. भागाकार करा: गिअर योग्य असेल तर ताशी ९५ किलोमीटरपर्यंत या इंजिनाला ती चाकं मोकाट सोडता येतात. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.६ झाला, की हाच आकडा ताशी १७० च्या पुढे जातो! थंड टायरांचंही तसंच. पार्किंगमधून निघाल्या निघाल्या असे अपघात होतात त्याचं हे एक कारण.

शेपूट निघालीच तर घाबरून पाय झटकन उचलणं ही सहज प्रतिक्रिया, आणि बऱ्याचदा तीच घात करते. नाक डावीकडे गेलंय, चालकाने स्टिअरिंग उजवीकडे कापलंय. अशा वेळी मागची चाकं एकदम शुद्धीवर आली तर ती नाकाला उजवीकडे फिरवतात. पुढची चाकंही उजवीकडेच ओढत असतात. रस्सीखेचीतले दोन्ही संघ अचानक एकाच बाजूला! गाडी उलट दिशेला फटकारल्यासारखी फिरते आणि व्हिडिओतला दुभाजक बहुधा त्याच बाजूला असतो. म्हणून पाय हळूहळू सैल करायचा, पुढची चाकं गाडी जिकडे चालली आहे तिकडे रोखायची, आणि मागचं टायर धरू लागलं की स्टिअरिंगही तितक्याच लवकर सरळ करायचं.

'एकाच चाकाला जास्त जोर' या तर्काबद्दलही बोलायला हवं. साधं डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरची जोडणी, दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतं. एक चाक मोकाट सुटलं की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा टॉर्क मिळतो. गाडी पुढे नीट जात नाही, पण त्या दुसऱ्या चाकाची आडवी पकड शाबूत राहते! एकाच चाकाला मोकाट सुटू न देणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल दोन्ही चाकांना कामाला लावतं, रेटा वाढतो. मात्र सुटली तर दोन्ही एकदमच सुटतात.

आजच्या गाड्यांत प्रत्येक चाकाच्या वेगावर सेन्सर असतो. मागचं चाक पुढच्यापेक्षा फार वेगाने फिरू लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर कमी करतं किंवा त्या चाकाला ब्रेक लावतं. १९९५ साली मर्सिडीजच्या गाडीत आलेल्या बॉश कंपनीच्या ईएसपीने (इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी प्रोग्राम) यात आणखी एक गोष्ट जोडली: गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे ते मोजायचं, स्टिअरिंगशी ताडून पाहायचं, आणि गरजेप्रमाणे एकाच चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करायचं. व्हिडिओतल्या शूरवीरांनी बहुधा हेच बटण बंद केलेलं असतं.

अमेरिकेतल्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टरना, म्हणजे छोट्या सरळ पट्टीवर शर्यत लावणाऱ्या अतिताकदवान गाड्यांना तर ही सोय नियमानेच नाही. गिअरबॉक्सही नाही; क्लच आधी ठरवून दिलेल्या वेळापत्रकाप्रमाणे टप्प्याटप्प्याने धरत जातो. व्हीलबेस सुमारे साडेसात मीटर, त्यामुळे गाडी फिरायला जडही असते आणि नाक वळायला वेळही लागतो. तरीही टायर सुटलं, तर चालकाकडे एकच उपाय उरतो: पेडल क्षणभर सोडायचं आणि पुन्हा दाबायचं.