पाळीच्या मधल्या दिवसांतली कळ

पाळी येऊन दोनेक आठवडे झालेले असतात आणि ओटीपोटात एका बाजूला अचानक कळ येते. कधी टोचल्यासारखी, कधी नुसती ठसठस. बऱ्याच जणी गॅस समजून ओवा चावतात. काही तासांत दुखणं थांबतं, क्वचित दिवस-दोन दिवस रेंगाळतं. हे दुखणं बहुतेकदा बीजकोषातून स्त्रीबीज सुटण्याचं असतं.

बीज वाढतं द्रवाने भरलेल्या एका पिशवीत. ती साधारण २ सेंटिमीटरची होते, बीजकोषाचं आवरण ताणलं जातं आणि पिशवी फुटते. सांडलेला द्रव आणि थोडंसं रक्त पोटाच्या आतल्या अस्तराला झोंबतं. २००८ मध्ये बेल्जियमचे स्त्रीरोगतज्ज्ञ जाक दोने यांना एका शस्त्रक्रियेच्या वेळी हे घडताना दिसलं. बीज क्षणात उडत नाही, हळूहळू बाहेर सरकतं. त्याला सुमारे १५ मिनिटं लागली.

‘बीज चौदाव्या दिवशीच सुटतं’ हे मात्र डोक्यातून काढून टाका. मोजायचं उलटं, पुढच्या पाळीपासून साधारण १४ दिवस मागे. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं.

त्याआधीच्या दोन-चार दिवसांत अंगावरून जाणारा स्राव वाढतो. मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते याबद्दल, कारण ‘अंगावरून जातंय’ म्हटलं की घरात लगेच अशक्तपणाची चर्चा सुरू होते. हा स्राव पारदर्शक आणि निसरडा असतो, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखा. दोन बोटांत धरून ताणला तर पाकासारखी तार निघते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) वाढल्यामुळे गर्भाशयाचं मुख तो तयार करतं आणि त्याच्या आधाराने शुक्राणू ५ दिवसांपर्यंत तग धरू शकतात. हा आजार नाही, यातून शक्ती जात नाही. खाज सुटली, दुर्गंधी आली किंवा दह्यासारख्या गुठळ्या दिसल्या तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरांना दाखवा.

बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकामुळे शरीराचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढतं. ते अंगाला जाणवत नाही, सकाळी उठल्या उठल्या थर्मामीटर लावला तरच कळतं. स्तन जड वाटणं, हात लागला की दुखणं हेही याच काळातलं.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर बहुतेक वेळा बीज सुटतच नाही, म्हणून ही कळही येत नाही.

उजवीकडचं दुखणं वाढतच गेलं, सोबत ताप किंवा उलट्या असतील, तर अपेंडिक्सची शंका घ्यायला हवी. आणि पाळी चुकलेली असताना एका बाजूला जोरात दुखून चक्कर आली, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीज वाहून नेणाऱ्या नलिकेत रुजलेला असू शकतो. अशा वेळी घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.