स्तनाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया : पर्याय व परिणाम

स्तनाच्या कर्करोगावर केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांचे मुख्य प्रकार दोन आहेत. मास्टेक्टॉमीत संपूर्ण स्तन काढला जातो. लम्पेक्टॉमीत, म्हणजेच स्तन-जतन शस्त्रक्रियेत, गाठ व तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढून बाकीचा स्तन राखतात आणि नंतर त्यावर बहुधा किरणोपचार करतात. रोग लवकर लक्षात आला असेल, तर दोन्ही मार्गांनी रुग्ण जगण्याचे प्रमाण सारखेच राहते, असे दीर्घकालीन चाचण्यांतून सिद्ध झाले आहे; तरीही ‘सगळेच काढून टाकले म्हणजे काळजी मिटली’ ही समजूत अनेक घरांत अजून टिकून आहे.

या समजुतीमागे एकेकाळचे वैद्यकशास्त्रच उभे होते. कर्करोग गाठीपासून पायरीपायरीने आजूबाजूला सरकतो, असे मानून अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील लसीका ग्रंथीही (ऊतकांतील लसीका हा द्रव गाळणाऱ्या लहान गाठी) एकत्र काढत. १८९४ मध्ये त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि पुढे पाऊण शतक हीच पद्धत प्रमाण मानली गेली. रोगाच्या पेशी निदानापूर्वीच रक्तावाटे दूर गेलेल्या असू शकतात, आणि तसे असल्यास छातीवरची शस्त्रक्रिया वाढवत नेऊन जीव वाचत नाही, हा अमेरिकन शल्यविशारद बर्नार्ड फिशर यांचा प्रतिवाद होता. त्यांच्या नेतृत्वाखाली १९७६ मध्ये सुरू झालेल्या चाचणीत १,८५१ स्त्रियांचा २० वर्षे पाठपुरावा झाला. जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही; मात्र त्याच स्तनात रोग उलटण्याचे प्रमाण नुसत्या लम्पेक्टॉमीनंतर ३९.२ टक्के, तर किरणोपचारांची जोड दिल्यावर १४.३ टक्के होते. इटलीतील मिलान येथे शल्यविशारद उम्बेर्तो व्हेरोनेसी यांनी ७०१ स्त्रियांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्षही तसाच निघाला. फिशर यांच्या चाचणीतील एका कॅनेडियन शल्यविशारदाने रुग्णांच्या नोंदींत फेरफार केल्याचे पुढे उघड झाले आणि मोठा गदारोळ उठला. पण त्याचे रुग्ण वगळून केलेल्या फेरविश्लेषणातही निष्कर्ष बदलला नाही.

स्तन राखल्यास स्थानिक पुनरुद्भवाचा, म्हणजे त्याच जागी रोग उलटण्याचा, धोका थोडा अधिक असतो, हे मान्य करावेच लागते. मिलानच्या चाचणीत २० वर्षांत तो ८.८ टक्के, तर हॉलस्टेड पद्धतीच्या शस्त्रक्रियेनंतर २.३ टक्के होता. म्हणजे संपूर्ण स्तन काढल्यावरही तो शून्यावर येत नाही. आधुनिक औषधोपचारांमुळे आज हे आकडे सर्वसाधारणपणे कमी झाले आहेत. स्तन काढला की किरणोपचार टळतात, हेही सरसकट खरे नाही. गाठ मोठी असल्यास किंवा काखेत रोग पोहोचला असल्यास ते बहुधा द्यावेच लागतात.

लम्पेक्टॉमीत काढलेल्या तुकड्याच्या कडा प्रयोगशाळेत शाईने रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशी शाईला भिडलेल्या दिसल्या, तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. रोग स्तनभर विखुरलेला असणे, छातीला पूर्वी किरणोपचार झालेले असणे किंवा कडा वारंवार सदोष येणे, अशा वेळी मास्टेक्टॉमी योग्य ठरते. बीआरसीए या जनुकात (त्यातील दोषाने स्तनाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो) दोष असलेल्या काही स्त्रिया पुढील धोका टाळण्यासाठी दोन्ही स्तन काढण्याचा निर्णय घेतात. असा दोष नसताना दुसरा, निरोगी स्तन काढल्याने आयुष्य वाढल्याचा खात्रीलायक पुरावा नाही.

भारतात निदानाच्या वेळी गाठ पुष्कळदा मोठी असते. अशा रुग्णांना आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करतात आणि मग स्तन राखणे शक्य होते का, ते पाहतात. औषधाने गाठ पूर्ण विरघळलीच, तर जागा सापडावी म्हणून तिच्यात आधीच धातूची बारीक क्लिप बसवतात. किरणोपचारांसाठी पूर्वी साधारणतः पाच ते सहा आठवडे जावे लागे, आता अनेकदा तीन आठवडे पुरतात. तरी तालुक्याच्या गावाहून रोज शहर गाठणे किंवा तिथे खोली घेऊन राहणे ज्यांना जमत नाही, त्यांच्या बाबतीत हा वैद्यकीय प्रश्न राहत नाही, आणि स्तन काढणेच पदरी पडते.

रुग्णाच्या रोजच्या जगण्यावर काखेतील शस्त्रक्रियेचा परिणाम कित्येकदा स्तनावरील शस्त्रक्रियेपेक्षा जास्त होतो. बऱ्याच ग्रंथी काढल्या की लसीकेचा निचरा अडतो आणि हात सुजतो. बांगड्या घट्ट होऊ लागणे हे त्याचे पहिले लक्षण असू शकते. म्हणून काखेत रोगाची चिन्हे नसतील, तर निळे रंगद्रव्य किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून ते ज्या पहिल्या ग्रंथींत पोहोचते तेवढ्याच काढून तपासतात. त्या निर्दोष निघाल्यास बाकीच्या तशाच ठेवतात.

मास्टेक्टॉमीनंतर सिलिकॉन इम्प्लांट बसवून किंवा पाठीचे अथवा पोटाचे ऊतक वापरून स्तनाची पुनर्रचना करता येते. तीमुळे कर्करोगाचे भवितव्य बिघडत नाही, मात्र खर्च आणि शस्त्रक्रियेचा कालावधी वाढतो.

निदानाच्या वेळीच रोग हाडे, यकृत किंवा फुप्फुसापर्यंत गेलेला असेल, तर हा सारा विचार बदलतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात अशा ३५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्तनातील गाठ काढून व किरणोपचार देऊन आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. त्यामुळे या अवस्थेत औषधोपचारांना प्राधान्य देतात आणि गाठ चिघळणे किंवा रक्तस्राव होणे यांसारख्या कारणांसाठीच शस्त्रक्रियेचा विचार करतात.