जुन्या औद्योगिक मोटरी बदलणे

कारखान्यातील जुन्या, बहुधा एकदोनदा भरून (जळालेली तार काढून नवी गुंडाळून) आणलेल्या विद्युत मोटरी काढून त्या जागी कमी वीज खाणाऱ्या मोटरी बसवणे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०११ मधील अंदाजानुसार जगातल्या एकूण वीजवापरापैकी सुमारे ४५ टक्के वाटा मोटरवर चालणाऱ्या यंत्रणांचा आहे. पंप, पंखे, कॉम्प्रेसर, लेथ, माग, गिरणी हे सारे त्यात आले. त्यामुळे वीजबिल आणि कार्बन उत्सर्जन दोन्ही घटवायचे असतील, तर कारखान्यात पहिली नजर मोटरींवर टाकावी लागते.

मोटरींची कार्यक्षमतेनुसार प्रतवारी आयई१, आयई२, आयई३, आयई४ अशी चढती असते; आकडा जितका मोठा, तितकी वीज कमी. भारतात या प्रतवारीसाठी आयएस १२६१५ हे मानक आहे. चार पोलच्या (मिनिटाला साधारण दीड हजार फेऱ्या घेणाऱ्या) १० एचपी, म्हणजे ७.५ किलोवॅट मोटरची कार्यक्षमता आयई१ मध्ये ८६ टक्के, तर आयई३ मध्ये ९०.४ टक्के असते. फरक किरकोळ वाटतो. पण हीच मोटर पूर्ण भारावर वर्षाला ६,००० तास चालली, तर आयई१ सुमारे ५२,३०० युनिट घेते आणि आयई३ सुमारे ४९,८००. म्हणजे वर्षाला अडीच हजार युनिट वाचतात. युनिटचा दर ९ रुपये धरला, तर बचत साडेबावीस हजारांच्या वर जाते. भारतीय ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर पावणेदोन टन उत्सर्जन टळते. लहान मोटरींत ही दरी आणखी रुंद आहे. १ एचपीच्या चार पोल मोटरची कार्यक्षमता आयई१ मध्ये ७२.१, तर आयई३ मध्ये ८२.५ टक्के असते. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या साध्या यंत्रमागांवर साधारण याच ताकदीची मोटर असते आणि एकेका शेडमध्ये अशा कितीतरी चालतात.

एवढे असूनही मोटरी बदलल्या जात नाहीत, कारण निर्णय चुकीच्या वेळी घेतला जातो. मोटर जळते तेव्हा काम थांबलेले असते, माल द्यायचा असतो, आणि वाइंडर, म्हणजे मोटर भरणारा कारागीर, उद्या संध्याकाळपर्यंत भरून देतो म्हणतो. अशा वेळी कोण हिशेब मांडत बसणार? पूर्ण भारावर दिवसरात्र राबणारी मोटर जवळपास स्वतःच्या किमतीइतकी वीज महिना-दोन महिन्यांत खाते, हे त्या घाईत कुणाच्या डोळ्यांसमोर नसते. म्हणून कोणती मोटर जळली तर भरायची आणि कोणती थेट बदलायची, याची यादी आधीच करून ठेवणे हा या कामाचा खरा गाभा आहे. जास्त तास चालणाऱ्या मोटरी त्या यादीत वर घ्याव्यात. ज्या दिवसातून तासभरच चालतात, त्या खुशाल भरून घ्याव्यात.

भरण्यालाच दोष देणे मात्र बरोबर नाही. ब्रिटन आणि अमेरिकेतील दुरुस्ती व्यावसायिकांच्या संघटनांनी २००३ मध्ये केलेल्या अभ्यासात नीट भरलेल्या मोटरीची कार्यक्षमता जवळजवळ टिकून राहते, असे दिसले. बिघडते ते जुनी तार काढताना. ती सुटावी म्हणून स्टेटर, म्हणजे तार गुंडाळलेला मोटरचा स्थिर भाग, तापवतात. ताबा असलेल्या भट्टीऐवजी उघड्या जाळावर तापवला, तर स्टॅम्पिंगच्या (स्टेटर ज्यांच्या थरांनी बनतो त्या पातळ) पत्र्यांमधला विद्युतरोधक थर जळतो, पत्रे एकमेकांना चिकटल्यासारखे वागतात आणि मोटरचा गाभाच तापू लागतो. त्यात मूळ मापापेक्षा बारीक तार भरली, की नुकसान आणखी वाढते. भरून आणलेली मोटर पुली काढून रिकामी चालवावी. पूर्वी अशी चालवल्यावर अंगावर हात ठेवता येत असे, आता तासाभरात चटका बसत असेल, तर ती रोज नुसती उष्णता विकत घेते आहे.

नव्या मोटरीचा एक गुण पंख्यावर आणि सेंट्रिफ्युगल (फिरत्या चक्राने पाणी फेकणाऱ्या) पंपावर उलटतो. कार्यक्षम मोटर थोडी जास्त वेगाने फिरते. जुनी मिनिटाला १,४४० फेऱ्यांची असेल, तर नवी १,४६० घेते. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, त्यामुळे एवढ्याशा फरकाने भार चार टक्क्यांनी चढतो आणि कमावलेली बचत बहुतेक तिथेच जाते. मालक बिल पाहून ‘काही फरक पडला नाही’ म्हणतो, ते खोटे नसते. उपाय साधा आहे. पट्ट्यावर चालणाऱ्या पंख्याला मोटरवरची पुली १५० मिलिमीटरऐवजी १४८ ची घ्यावी. थेट जोडणी असेल तर वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवावा किंवा पंपाचा इंपेलर (आतले फिरते चक्र) कापून थोडा लहान करावा. जास्त भार आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिलेही नव्या नेमप्लेटप्रमाणे लावून घ्यावा लागतो. चालू होताना ही मोटर जास्त करंट ओढते, म्हणून जुना एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप बंद होणारा स्विच) कधीकधी पडतो.

बदलताना एचपीही तपासावी. जुन्या यंत्रांवर ‘असू दे जास्तीची’ म्हणून मोठी मोटर लावलेली असते. ती निम्म्याहून कमी भारावर चालली, तर कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) दोन्ही घसरतात. केव्हीएएचवर, म्हणजे कामी आलेल्या नव्हे तर एकूण ओढलेल्या विजेवर, बिल येणाऱ्या उच्चदाब ग्राहकाला तो घसरलेला पॉवर फॅक्टर थेट भोवतो. नुसत्या टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने) हे कळत नाही, कारण भार कमी झाला तरी करंट त्या प्रमाणात उतरत नाही. त्यासाठी किलोवॅट दाखवणारा मीटरच लावावा.

केंद्र सरकारच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ईईएसएल या कंपनीने आयई३ मोटरींची एकत्र खरेदी करून त्या उद्योगांना पुरवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालवला. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०२५ मधील योजनेत अशा कामांच्या कर्जावर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के सवलत ठेवली आहे.

काढलेल्या मोटरीचे काय होते, तेही पाहिले पाहिजे. चालू स्थितीत विकली, तर ती दुसऱ्या कुणाच्या शेडमध्ये तितकीच वीज खात राहते. तांबे काढून, स्टेटर फोडून दिली तरच ती वीज खरोखर वाचते. भंगाराचा भाव चालू मोटरीपेक्षा कमी मिळतो, पण तो फरक बदलाच्या खर्चातच धरावा.