जुन्या भाषणातली खरखर पुसू नका

समजा, एका ऑनलाइन ध्वनिसंग्रहात नोंद दिसली: ‘महात्मा गांधी, काँग्रेस अधिवेशन, नागपूर, डिसेंबर १९२०’. आवाज स्वच्छ, मागे टाळ्या. कुठल्याही नागपूरकराचं मन उचंबळेल. असहकाराचा ठराव इथेच तर पक्का झाला. तरीही मी त्या नोंदीवर विश्वास ठेवणार नाही.

१९२० साली रेकॉर्ड भरायची ती कर्ण्यातून. माणूस कर्ण्याच्या तोंडाशी उभा राहून मोठ्यानं बोलायचा आणि त्या आवाजाच्याच जोरावर सुई मेणात खाच कोरायची. मांडवातलं भाषण आणि हजारोंच्या टाळ्या टिपणं तिच्या आवाक्याबाहेरचं होतं. मायक्रोफोननं भरलेल्या रेकॉर्डी बाजारात आल्या १९२५ मध्ये. त्याआधी, नोव्हेंबर १९२० मध्ये, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत मायक्रोफोन लावून ध्वनिमुद्रण झालं होतं, पण तो प्रयोग होता. गांधीजींची लंडनमध्ये भरलेली प्रसिद्ध रेकॉर्ड १९३१ ची आहे.

म्हणून कुठलाही संग्रह पारखताना मी आधी एकच गोष्ट शोधतो: काहीही साफसफाई न केलेली प्रत तिथे आहे का? ‘सुधारित’ आवाज कानाला गोड लागतो, पण सॉफ्टवेअर खरखरीबरोबर पुरावाही पुसून टाकतं.

त्यातला सर्वांत बोलका पुरावा म्हणजे विजेची गुणगुण. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे प्रवाहाची आवर्तनं सेकंदाला ५०. हे कंपन यंत्रातून ध्वनिमुद्रणातही उतरतं. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचा आलेख, काढला की तळाशी ५० आणि १०० हर्ट्झवर बारीक रेघा दिसतात. ५० ची रेघ ५३ वर गेली असेल, तर टेप सुमारे ६ टक्के जास्त वेगानं वाजवली गेली असावी. हार्मोनियमवाल्यांना लगेच कळेल: काळी एकचा आवाज पांढरी दोनमध्ये गेला. वक्ता उगाच उतावळा, तरुण वाटू लागतो. रेघ मध्येच तुटली तर तिथे कात्री लागल्याचा संशय घ्यावा. किंचित अंतरावर दोन रेघा असतील, तर बहुधा ती प्रतीची प्रत. आणि रेघ ६० वर असेल तर कदाचित अमेरिकेत झालेली प्रत; तिथली वीज ६० हर्ट्झची. बॅटरीवरच्या यंत्रात मात्र ही खूण मिळत नाही, त्यामुळे तिच्या अभावावरून काहीच सिद्ध होत नाही.

आमच्या नागपूरच्या उन्हाचाही टेपवर परिणाम होतो. गुंडाळलेल्या टेपचा एक वेढा शेजारच्या वेढ्यावर आपलं चुंबकत्व हलकेच उमटवतो. मग वक्ता बोलायच्या आधीच त्याच्या शब्दाचा पुसट पडसाद ऐकू येतो. उष्णता वाढली की हे वाढतं. साफसफाईत सगळ्यात आधी अशा शांत जागाच कोऱ्या केल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

बाकी तपासणी सोपी. जतनाची फाइल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट असावी, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने, प्रत्येक २४ बिटांचा; एका तासाच्या मोनो आवाजाला साधारण १ जीबी लागतो. एमपी३ ऐकण्यापुरती ठीक. फाइलसोबत तिचा ‘हॅश’, म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेला तिचा ठसा, दिलेला असावा. एसएचए-२५६ हा हॅश ६४ चिन्हांचा असतो आणि फाइलमधला एक बिट बदलला तरी तो पार वेगळा येतो.

दीक्षाभूमीवर दसऱ्याला लागणाऱ्या स्टॉलवर एकेकाळी कॅसेटी असत, मग सीडी आल्या. आज क्लिपा थेट फोनवर येतात आणि संगणक कुणाचाही आवाज काढू शकतो. १५ ऑक्टोबर १९५६ च्या बाबासाहेबांच्या नागपुरातल्या मराठी भाषणाचा मजकूर छापलेला आहे. त्या भाषणाच्या नावानं कुठलीही क्लिप आली, तर छापील मजकूर समोर ठेवूनच ऐकावी. त्यांच्या तोंडी नसलेलं एक वाक्यही त्यांच्या नावावर जमा होऊ नये.

तुमच्या घरी माळ्यावर एखाद्या सभेची जुनी स्पूल, म्हणजे टेपचं रीळ, असेल, तर ती मे महिन्याआधी खाली काढा, घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या खोलीत उभी ठेवा आणि जुन्या यंत्रावर लावून बघू नका. खोकं फेकू नका. त्यावर आजोबांच्या अक्षरात तारीख, गाव, यंत्राचा वेग असं काही लिहिलेलं असेल, तर आधी त्याचा फोटो काढा.