पी ०१७१ आला म्हणून सेन्सर बदलायचा?

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांना टेकतो, तसं गॅरेजांतलं एक वाक्य वारंवार कानावर येतं. "स्कॅनर मारला, पी ०१७१ आला. ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल." पहिली दोन विधानं खरी, तिसरं बहुतेकदा चूक. इंजिनात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होतेय, एवढंच गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला हा बिघाडाचा कोड सांगतो. आणि ही खबर देणारा तोच ऑक्सिजन सेन्सर. चोर सोडून संन्याशाला फाशी!

त्या सेन्सरची करामत बघा. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण जमतंय की नाही, हे धुरावरून ओळखायला एक्झॉस्टमध्ये झिर्कोनियाची, म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकची, छोटी टोपी बसवतात. तिच्या बाहेरून धूर वाहतो, आत साधी हवा असते आणि दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा पातळ थर. झिर्कोनियात थोडं इट्रियम मुद्दाम मिसळलेलं असतं. झिर्कोनियमच्या आयनावर चार धन प्रभार, इट्रियमच्या आयनावर तीन. हिशेब जुळावा म्हणून दर दोन इट्रियममागे स्फटिकात ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते. टोपी तीन-साडेतीनशे अंशांपुढे तापली की ऑक्सिजनचे आयन या रिकाम्या जागांतून पलीकडे सरकू लागतात आणि दोन बाजूंत व्होल्टेज तयार होतं. सेन्सर म्हणजे चक्क बॅटरी.

हे व्होल्टेज दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या गुणोत्तराच्या लॉगरिदमवर ठरतं. हे समीकरण वाल्थर नर्न्स्टचं, १८८९ चं. पुढे त्यानं विजेचा दिवा केला, त्यातली कांडीही झिर्कोनिया-इट्रियाचीच! ६०० अंशांना धुरात १ टक्का ऑक्सिजन असेल तर जेमतेम ०.०६ व्होल्ट मिळतात. पेट्रोल किंचित जास्त झालं की धुरातला मोकळा ऑक्सिजन जवळपास नाहीसा होतो, गुणोत्तर १ वर वीस शून्यांच्या घरात जातं आणि व्होल्टेज एकदम ०.८ च्या वर. मधे उतार नाहीच, थेट कडा. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, ०.४५ व्होल्टच्या आसपास ही कडा पकडून पेट्रोल कमी-जास्त करत राहतो.

सेन्सरला फक्त ऑक्सिजन दिसतो, हे मात्र विसरायचं नाही. एखादा प्लग मिसिंग करत असेल तर न जळलेला ऑक्सिजन धुरात जातो. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्ट गॅसकेट फुटली असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. दोन्ही वेळा सेन्सर "हवा जास्त" असंच सांगणार.

म्हणून कोडच्या पुढे जाऊन स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघावा. ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय, ते तिथे कळतं. आयडलिंगला अधिक २४ आणि अडीच हजार आरपीएमला अधिक ६ दिसलं, तर कुठेतरी नळी एअर घेतेय. चोरवाटेनं येणारी हवा थोडीच; रेस दिल्यावर एकूण हवेत ती बुडून जाते. उलट रेस दिल्यावर ट्रिम चढत असेल तर पेट्रोलच्या पंप किंवा फिल्टरकडे वळावं. इंजिनातले वायू पुन्हा आत येणाऱ्या हवेत सोडणारी पीसीव्हीची रबरी नळी उष्णतेनं कडक होते, ती वाकवून बघा. चीर बऱ्याचदा क्लिपच्या मागे, खालच्या अंगाला सापडते, वरून नळी धडधाकट दिसते. तापलेल्या इंजिनावर पेट घेणारा स्प्रे मारून गळती शोधू नका, भडका उडेल.

व्हॉट्सॲपवर सगळं खापर ई २० वर, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर फुटतं. इथेनॉलला हवा कमी लागते, किलोला नऊ किलो, त्यामुळे ई १० वरून ई २० वर आल्यावर ट्रिम चार-पाच टक्के चढणं साहजिक आहे. कोड मात्र साधारण वीस-पंचवीसच्या घरात उठतो. उरलेली टक्केवारी कोणाची, ते शोधायलाच हवं. बंपरला लटकवलेलं लिंबू-मिरची आणि "सगळे कोड घालवणारी" टाकीत ओतायची बाटली, दोघांचा इथे उपयोग सारखाच.

ट्रिमचं वरचं गणित आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या गाड्यांचं. बऱ्याच छोट्या गाड्या इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालतात. त्यांत चोरून आलेली हवाही दाबात मोजली जाते, त्यामुळे ट्रिम फारसा हलत नाही, आयडलिंग मात्र वाढलेलं राहतं.