गॅलोवे काइट ट्रेल

गॅलोवे काइट ट्रेल : स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य भागात, लॉख केन या लांबट सरोवराला वळसा घालणारा पक्षिनिरीक्षणाचा मार्ग. इथली लाल घार (मिल्व्हस मिल्व्हस) लोकांनी पाहावी, ओळखावी आणि त्या निमित्ताने चार दिवस या आडबाजूच्या मुलखात काढावेत, या हेतूने तो २००३ मध्ये सुरू झाला. पायी चालण्यापेक्षा मोटारीने किंवा सायकलने करायची ही फेरी आहे. सरोवराच्या पूर्वेकडून ए७१३ आणि पश्चिमेकडून ए७६२ हा रस्ता जातो. न्यू गॅलोवे, पार्टन, लॉरिस्टन, मॉसडेल ही गावे वाटेत लागतात. उन्हाळ्यात ‘रेडर्स रोड’ हा जंगलातला रस्ताही फेरीत धरला जातो. मेंढ्यांची कुरणे, मधूनमधून ओकच्या राया, वर ओलसर माळरान, असा हा प्रदेश घारीला मानवतो. घरटे राईत आणि पोट कुरणावर.

शंभराहून अधिक वर्षे या आकाशात लाल घार नव्हती. एके काळी लंडनच्या रस्त्यांवरची घाण उचलणारा पक्षी म्हणून तिला मान होता, पण स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स याने पंधराव्या शतकातच ती दिसेल तिथे मारण्याचे फर्मान काढले. इंग्लंडमध्ये १५६६ च्या कायद्याने उपद्रवी जनावरे मारणाऱ्यांना बक्षीस ठरले आणि त्यात घारही सापडली. पुढे शिकारीच्या रानांचे राखणदार, विषारी आमिषे आणि अंडी जमवण्याचा शौक यांनी उरलेसुरले काम पुरे केले. १८७१ च्या सुमारास इंग्लंडमधून आणि १८७९ च्या सुमारास स्कॉटलंडमधून ती नाहीशी झाली. वेल्सच्या मध्यभागी मोजक्या जोड्या तेवढ्या तगल्या. १९८९ पासून परदेशी पिल्ले आणून सोडण्यास सुरुवात झाली. स्कॉटलंडच्या ब्लॅक आइल भागात ती स्वीडनहून आली, तर इंग्लंडच्या चिल्टर्न टेकड्यांत मुख्यतः स्पेनहून. गॅलोवेतील पक्षी २००१ ते २००५ या काळात सोडले गेले. आज ब्रिटनमध्ये चार हजारांहून अधिक जोड्या आहेत. २०२२ पासून तर इंग्लंडमधली पिल्ले उलट स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा प्रांतात धाडण्यात आली. घेतलेले उसने इतक्या सरळपणे फेडल्याचे उदाहरण विरळाच.

मराठी वाचकाला घार नवी नाही. मुंबई-पुण्यावर घिरट्या घालणारी काळी घार हिच्या अगदी जवळच्या नात्यातली. कोकण किनाऱ्यावरची पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घारही तांबूसच, पण नात्याने जरा लांबची. काळ्या घारीने शेपटी पसरली की तिची खाच जवळजवळ मोडून जाते. लाल घारीची शेपटी विटकरी रंगाची आणि इतकी खोल दुभंगलेली की पसरल्यावरही खाच लपत नाही. पंखांचा पसारा पावणेदोन मीटरच्या वर, वजन मात्र किलोभर. त्यामुळे मंद वाऱ्यावरही ती पंख न हलवता तरंगते आणि वळायचे झाले की नुसती शेपटी पिळते. पंखाच्या टोकाशी, खालच्या अंगाला पांढरट डाग असतो. नवख्या माणसाला बझर्ड या शिकारी पक्ष्याला पाहून हीच घार असल्याचा भास होतो. त्याची शेपटी आखूड आणि गोलसर असते, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

बहुतेकांचा मुख्य थांबा म्हणजे लॉरिस्टनजवळचे बेलीमॅक हिल फार्म. इथे अनेक वर्षे दुपारी दोन वाजता घारींना मांस टाकण्याचा परिपाठ चालत आला. वेळ जवळ आली की त्या आसपासच्या झाडांवर आणि डोक्यावरच्या आकाशात जमू लागतात. पहिला घास सहसा घारीचा नसतो. आधी कावळे उतरतात, रेव्हन हे त्यांचे थोराड भाऊबंद उतरतात, घारी वरून अंदाज घेत राहतात. मग एखादी पंख अर्धे मिटून खाली येते, जमिनीला न टेकता पायाने तुकडा उचलते आणि वर चढता चढता पाय चोचीशी नेऊन हवेतच खाऊ लागते. तोवर दुसरी तिच्या पाठीमागे लागलेली असते. एवढा दिमाख असूनही हिचे पंजे आणि चोच दुबळी आहेत. मेलेल्या मेंढीचे कातडे तिला फाडता येत नाही. रेव्हन किंवा बझर्डने वाट करून देईपर्यंत तिला थांबावे लागते. एरवी तिचा गुजारा उंदीर, किडे, गाडीखाली चिरडलेले ससे आणि गांडुळांवर चालतो.

खाऊ घालून दाखवलेला पक्षी रानातला कसा म्हणायचा, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच फोल नाही. शेतावर घारी पोटभर दिसतात, पण त्या जगतात कशा हे कळत नाही. त्यासाठी फेरीचा उरलेला भाग निवांतपणे करावा लागतो. गवत कापले जात असेल त्या कुरणाशी गाडी थांबवावी. यंत्रामागे उघडे पडलेले उंदीर टिपायला घारी हमखास येतात. वसंतात जोड्या राईवर घिरट्या घालतात. घरट्यात मेंढीची लोकर अंथरलेली असते आणि वर चिंध्या, प्लॅस्टिकचे तुकडे, क्वचित वाळत घातलेला एखादा कपडाही! अंडी एक ते तीन, उबवणीला महिनाभर. हिवाळ्यात दिवस मावळताना अनेक घारी एकाच राईत मुक्कामाला येतात. लॉख केनच्या दलदलीत त्याच सुमारास ग्रीनलंडचे पांढऱ्या कपाळाचे हंस-बदक उतरलेले असतात. काही घारींच्या पंखांवर रंगीत पट्ट्या दिसतात. त्यांच्या रंगांवरून पक्षी कुठला आणि कोणत्या साली जन्मलेला हे सांगता येते.

घारीमुळे या भागात आलेल्या पाहुण्यांनी काही दशलक्ष पौंड खर्च केले, असा हिशेब मांडला गेला आहे. मुक्कामाची घरे, चहाची दुकाने, सायकली भाड्याने देणारे यांना तो पैसा कळतो, आणि घारीच्या बाजूने बोलायला तोच सर्वांत उपयोगी पडतो. धोका मात्र टळलेला नाही. २०१४ च्या वसंतात ब्लॅक आइलजवळ १६ लाल घारी आणि ६ बझर्ड मेलेले सापडले. त्यांतील बहुतेकांच्या शरीरात बेकायदा कीटकनाशक आढळले. उंदरांसाठी ठेवलेले औषध खाऊन मेलेला उंदीर घारीने उचलला तर तिलाही विषबाधा होते. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने हिला विशेष संरक्षण आहे. विणीच्या काळात घरट्याजवळ जाऊन जाणूनबुजून त्रास देणे हाही गुन्हा. वाटेत मेलेली घार दिसली तर हात लावू नये, विष कातडीतूनही भिनू शकते. जागा नीट टिपून, फोटो काढून पोलिसांना कळवावे.